आधी भोक बघा, मग झिलई : पाईपसंग्राहकांचे प्रश्न

जुने पाईप जमवणाऱ्या वाचकांकडून या वेळी पत्रं मागवली होती. खानदेशातून बरीच आली, त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. तंबाखू शरीराला घातक आहे, मग ती पाईपमधून ओढा की चिलमीतून. या सदरात चर्चा आहे ती लाकडाची, कातकामाची आणि घडणीची. उत्तरांत ‘धूर’ हा शब्द येईल तो रचना समजावण्यापुरता.

भुसावळ : घरात दोन जुने पाईप निघाले. आजोबा रेल्वेत होते, त्यांचे. एक चकचकीत, सुंदर रेषांचा. दुसरा काळपट, खडबडीत. बघायला येणारे सगळे पहिल्याचंच कौतुक करतात. खरा चांगला कोणता, हे कसं ओळखायचं?

रेषा आणि चमक बाजूला ठेवा, आतून बघायला सुरुवात करा. पाईप म्हणजे शेवटी लाकडात पाडलेली तीन भोकं. पहिलं वाटीचं, दुसरं वाटीच्या तळापासून दांडीतून जाणारी धुराची वाट, आणि तिसरं दांडीच्या टोकाचं, ज्यात नळीची खुंटी बसते. सुतार तिला कुसू म्हणेल. ही तीन भोकं एकमेकांना नेमकी मिळाली की पाईप चांगला. ती चुकली तर बाहेरचं काम कितीही देखणं असलं तरी फुकट.

नळी न काढता तोंडाकडून पाईप क्लीनर (सुताने गुंडाळलेली बारीक तार) आत सारा. मध्ये कुठेही न अडता तो वाटीच्या तळाशी निघाला पाहिजे. अडला तर बहुधा खुंटीपाशी अडतो, कारण खुंटीतलं भोक आणि दांडीतलं भोक एका रेषेत नसतं. मग वाटीत टॉर्च मारा. धुराचं भोक तळाच्या अगदी बुडाशी आणि मधोमध हवं. ते तळापासून तीन-चार मिलिमीटर वर असेल तर खाली ओल साचत राहते आणि तिथलं लाकूड आंबट वासाचं होतं. एका बाजूला सरकलेलं असेल तर वाटी एकाच अंगाने जळते. जुन्या पाईपात त्या बाजूची भिंत काळी आणि पातळ झालेली बोटाला कळते. भोक तळाच्याही खाली गेलं असेल, म्हणजे तळात चर पडलेली दिसत असेल, तर कारागिराने वाटी कमी खोल पाडली किंवा धुराची वाट तिरकी नेली.

आता नळी सावकाश फिरवत काढा. झटका देऊन ओढू नका आणि पाईप गरम असताना तर कधीच काढू नका, दांडी चिरते. खुंटीची लांबी आणि भोकाची खोली मोजा. फरक एक मिलिमीटरच्या आत असावा. तिथे पोकळी जास्त राहिली की गरम धूर तिथे पसरतो, थंड होतो, पाणी साचतं आणि पाईप गुडगुडतो. लोक याला लाकडाचा दोष समजतात. तो मोजमापाचा दोष असतो.

साधारण आकडे लक्षात ठेवा : वाटीचा आतला व्यास १८ ते २० मिमी, खोली ३५ ते ४० मिमी, धुराची वाट साडेतीन ते चार मिमी, वाटीच्या भिंती निदान ६ मिमी, तळ त्याहून थोडा जाड. नळीचं तोंडाकडचं टोक दातांत धरायच्या जागी ४ मिमीच्या आसपास पातळ असतं. ते साडेपाच-सहा मिमी जाड असेल तर नळी घाईत केलेली आहे. टोकाची खाच आतून पंख्यासारखी पसरत गेलेली असेल तर समजा की हाताने कानस घेऊन कोणीतरी बसलं होतं.

राहिला सांधा. दांडी आणि नळी जुळतात त्या रेषेवरून नख फिरवा, नख अडायला नको. मग खिडकीसमोर धरून बघा, फटीतून उजेड दिसायला नको. या सगळ्यात तुमचा काळपट पाईप उतरला तर तोच चांगला.

एक अपवाद आहे. दांडीच्या पोटात मुद्दाम पोकळी ठेवलेले पाईप असतात. डब्लिनच्या पीटरसनची ‘सिस्टिम’ रचना १८९० च्या पेटंटची. तिथे ओल खालच्या हौदात उतरते आणि धूर वरून निघून जातो. १८९८ च्या पेटंटच्या ‘पी-लिप’ नळीत भोक टोकाला नसून वरच्या अंगाला असतं, धूर जिभेवर न आदळता टाळूकडे जातो. अशा पाईपात क्लीनर हौदात अडतो. तो दोष नव्हे.

अमळनेर : सरळ रेषांच्या पाईपाला एवढी किंमत का? आमच्या ओळखीचे एक संग्राहक म्हणतात की रेषांना भुलू नये. दुसरे म्हणतात की रेषा नसेल तर घेऊच नये.

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. ब्रायर म्हणजे एरिका आर्बोरिया या भूमध्यसागरी झुडपाच्या बुंध्याशी, मुळाजवळ वाढणारी गाठ. झुडूप दुष्काळात या गाठीवर तग धरतं, म्हणून तिचे तंतू दाट आणि गुंतलेले असतात. ती उष्णतेला दाद देत नाही. कॅलाब्रिया, कॉर्सिका, ग्रीस इथून ती येते. ठोकळे कापल्यावर कित्येक तास उकळून रस काढतात, मग महिनोन्महिने, चांगले कारखाने वर्षानुवर्षं, सावलीत वाळवतात. फ्रान्सच्या सेंट क्लोदमध्ये १८५० च्या दशकात यापासून पाईप होऊ लागले आणि माती व मिअरशॉम (कोरीव कामाचं पांढरं खनिज) मागे पडले.

गाठीच्या बाहेरच्या थरातून ठोकळा काढला तर तंतू खालून वर सरळ धावतात. तीच सरळ रेषा. त्याच तंतूंचं टोक समोर आलं की बारीक ठिपके दिसतात, त्याला बर्ड्‌स आय म्हणतात. पूर्ण वाटीभर सरळ रेषा आणि कुठेही खड्डा नाही असा ठोकळा शेकड्यात एखादा, म्हणून किंमत. पण सरळ रेषेने पाईप चांगला ओढला जातो असं नाही. किंमत दुर्मीळपणाची आहे, गुणाची नाही.

आमचं मत : रेषा आकाराला धरून असेल तर तिची किंमत द्या. बिलियर्ड या सरळ आकाराच्या पाईपात वाटीवर रेषा तळापासून काठापर्यंत उभ्या असतील आणि दांडीवर आडव्या धावत असतील, तर कारागिराने ठोकळा हातात फिरवून विचार केला आहे. रेषा सुंदर पण आकाराशी भांडणाऱ्या असतील, तर त्याने नुसता ठोकळा विकला. डेन्मार्कच्या सिक्स्टन इव्हार्सन यांच्यानंतर डॅनिश कारागिरांनी हेच उलटून दाखवलं. आधी भोक पाडून मग ठरलेला आकार कातण्याऐवजी त्यांनी रेषा बघून आकार काढला आणि भोक शेवटी पाडलं. त्या पद्धतीत भोक चुकलं तर झालेलं सगळं काम वाया, म्हणून हात फार पक्का लागतो.

खडबडीत पाईपांकडे दुर्लक्ष करू नका. सँडब्लास्टमध्ये वाळूच्या माऱ्याने मऊ भाग झिजतो आणि वाढीची वर्तुळं उभी राहतात. शेतात नांगरलेल्या तासांसारखी ती वाटीभोवती समांतर फिरतात. रस्टिकेशन वेगळं, ते हत्याराने टोचून केलेलं असतं आणि त्यात वर्तुळं नसतात. विकणारे कधी कधी दोन्हींना एकच नाव देतात. भिंगाखाली बघितलं की फसवणूक राहत नाही.

गुळगुळीत पाईपावर भरलेले खड्डे शोधा. सुतार लाकडात पुट्टी भरतो तसंच. ओल्या बोटाने पुसा, भोवतालचं लाकूड गडद होतं आणि भरलेला ठिपका तसाच फिकट, मातकट राहतो. दोन बारीक ठिपके चालतात. पण ते असताना ‘पहिल्या प्रतीचा’ म्हणून भाव मागितला तर तो देऊ नका.

चाळीसगाव : पाईपच्या नळीवर पांढरा ठिपका आहे. दांडीखाली ‘मेड इन इंग्लंड’ आणि शेवटी वरच्या बाजूला लहान अंक. डनहिल या इंग्लिश कंपनीचा आहे का? वर्ष कळेल का?

पांढऱ्या ठिपक्यावरून काही ठरवू नका. ठिपका नळीवर असतो, नळी बदलता येते, आणि इतर कारखान्यांनीही नळीवर ठिपके दिले आहेत. खात्री दांडीवरच्या छापातून होते. ‘डनहिल’ हे नाव, घडणीचं नाव आणि इंग्लंडच्या शेवटच्या अक्षरामागचा अंक हे तिन्ही जुळायला हवेत. तो अंक वर्षाकडे बोट दाखवतो, बहुधा वर्षाचा शेवटचा आकडा असतो, दशक मात्र दुसऱ्या खुणांवरून काढावं लागतं. ‘शेल’ लिहिलं असेल तर पाईप १९१७ च्या आधीचा नाही. ‘टॅनशेल’ असेल तर १९५२ च्या आधीचा नाही. वर्तुळात १ ते ६ मधला अंक असेल तर तो मापाचा गट आहे, आणि ही पद्धत १९५० च्या सुमारापासूनची. पेटंटचा क्रमांक छापलेला असेल तर पाईप त्याहून जुन्या काळाकडे झुकतो.

छाप वाचताना पावडर, खडू, तेल काही चोळू नका. एका बाजूने तिरपा टॉर्च मारा आणि मोबाईलवर फोटो काढून मोठा करा. छापावर पॉलिश पेपर एकदा फिरला तर तारीख कायमची गेली, आणि तिच्याबरोबर निम्मी किंमत.

चांदीच्या पट्टीबद्दलही विचारलं आहे. इंग्लिश चांदीवर चालणारा सिंह, गावाची खूण (बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, लंडनचं बिबट्याचं तोंड) आणि वर्षाचं अक्षर असतं. डब्लिनच्या चांदीवर बसलेली हायबर्निया (आयर्लंडचं स्त्रीरूप) आणि मुकुटवाली वीणा. पीटरसनच्या निकेलच्या पट्ट्यांवर मात्र तीन पानांची वेल, कुत्रा आणि गोल मनोरा असे छाप दिसतात. ते हॉलमार्क नाहीत, नुसती सजावट आहे. छापात ‘आयरिश फ्री स्टेट’ असेल तर पाईप १९२२ ते १९३७ मधला, ‘रिपब्लिक’ हा शब्द असेल तर १९४९ नंतरचा.

जळगाव : उन्हाळ्यात कपाटात ठेवलेल्या वाकड्या पाईपाची नळी सरळ व्हायला लागली. शिवाय काळी नळी हिरवट-तपकिरी पडली आणि गंधकाचा वास येतो. नळी खराब आहे का?

नळी इबोनाईटची आहे, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. खराब नाही. दोन्ही गोष्टी त्याच्या स्वभावातल्या आहेत.

इबोनाईटची नळी सरळ घडवतात आणि मग गरम करून वाकवतात. पुन्हा उष्णता लागली की ती मूळच्या आकाराकडे परतते. मे महिन्यात पत्र्याच्या कपाटात, माळ्यावर किंवा उन्हात लावलेल्या गाडीत ठेवली तर हे होणारच. दुरुस्ती अशी : नळीच्या भोकात पाईप क्लीनर घाला, म्हणजे वाकवताना भोक चेमटणार नाही. पाणी उकळीला येऊन थोडं निवलं की खुंटीचा भाग बाहेर ठेवून फक्त वाकायचा भाग एक-दोन मिनिटं बुडवा. मऊ झाल्यावर वाकवा, वाटीचा काठ आणि नळीचं टोक एका उंचीवर आणा, आणि तसंच धरून थंड पाण्यात घाला. घाई केली तर टोक एका बाजूला फिरतं. पण पुन्हा गरम केलं की परत सरळ होतं, म्हणून घाबरायचं कारण नाही.

हिरवटपणा म्हणजे प्रकाश आणि दमटपणाने वर आलेलं गंधक. आधी नळीवरच्या खुणेला व्हॅसलीन लावा. कोमट पाण्यात ऑक्सिजन ब्लीच पावडर (सोडियम परकार्बोनेट, कपड्यांचे डाग काढायला मिळते ती) एक चमचा घालून नळी तीन-चार तास बुडवा. बाहेर काढून खरखरीत फडक्याने घासा, तपकिरी मळ उतरेल. मग वॉटर पेपर ओला करून ४००, ६००, १०००, २००० या क्रमाने. प्रत्येक टप्प्यावर आधीचे चरे पूर्ण जायला हवेत. ४०० चे चरे राहिले तर पुढे कितीही बफ मारला तरी उन्हात धरल्यावर दिसतात.

इथे जवळपास सगळे एक चूक करतात. नळी एकटी हातात घेऊन घासली की खुंटीजवळचा खांदा गोल होतो, आणि पाईपात बसवल्यावर सांध्यापाशी चर दिसते. ती चर परत भरता येत नाही. म्हणून जुन्या प्लॅस्टिक कार्डाची चकती कापा, तिला खुंटीच्या मापाचं भोक पाडा, चकती मध्ये घालून नळी दांडीत बसवा आणि मग घासा. खांदाही वाचतो, लाकडालाही पेपर लागत नाही.

शेवटी कार्नोबा मेणाचा बफ. मधमाशीचं मेण नको. ते ६२ ते ६४ अंशांना वितळतं आणि आपल्याकडच्या बंद पत्र्याच्या कपाटात त्याआधीच मऊ पडून धूळ धरतं. कार्नोबाला ८२ च्या पुढे लागतात. खोबरेल, तिळाचं तेल, तूप तर मुळीच नको. आठवडाभर चमकतं आणि मग खवट होतं.

जळगाव, सराफ बाजार : दांडीला टोकापासून सव्वा सेंटिमीटरची चीर. गिऱ्हाईकाला चांदीची शेंबी (टोकावरची कडी) बसवून हवी आहे. डाग (सोल्डरिंग) पाईपवरच द्यायचा का?

पाईपवर डाग कधीच नाही, लाकूड जळेल. आधी चीर थांबवा : ती जिथे संपते त्याच्या पुढच्या टोकाला ०.८ मिमीचं बारीक भोक, भिंतीच्या अर्ध्या जाडीपर्यंतच. हे केलं नाही तर शेंबीच्या पलीकडून चीर पुढे सरकते. मग पातळ सुपरग्लू चिरेत झिरपू द्या आणि दांडी दोऱ्याने आवळून रात्रभर ठेवा. ग्लू आतल्या भोकात उतरला असेल तर नळी बसवण्याआधी तो खरवडून काढा. नाहीतर नळी बसवताना दांडी पुन्हा चिरेल.

शेंबीला ९२.५ ची चांदी घ्या. शुद्ध चांदी मऊ पडते, दाबली की आकार सोडते. पत्रा अर्धा मिमी, रुंदी ७-८ मिमी. लांबी काढताना दांडीच्या व्यासात पत्र्याची जाडी मिळवून ३.१४ ने गुणा. दांडी १४ मिमीची असेल तर साडेचौदा गुणिले ३.१४, म्हणजे साडेपंचेचाळीस मिमी. त्याहून किंचित आखूड कापा, डाग देऊन सळईवर गोल करा, मग आतली कड कानसून दांडीवर घट्ट बसेल इतकीच मोठी करा. शेंबी बसवायच्या जागेवर एपॉक्सीचा पातळ हात, शेंबी थोडी गरम करून एका दाबात चढवा. दांडी पूर्ण गोल नसते, चढवण्याआधी कॅलिपरने दोन बाजूंनी मापा. छाप खाली झाकला जाणार असेल तर गिऱ्हाईकाला आधी सांगा. शेंबीवर इंग्लिश छापासारखं काही कोरायची मागणी आली तर नाही म्हणा.

तळोदा : सातपुड्यातल्या लाकडाचा पाईप करता येईल का? लेथवाला ओळखीचा आहे.

शोभेचा नमुना म्हणून जरूर. ज्यात विस्तव जाणार अशा वाटीला मात्र लाकूड निवडताना सांभाळा. कण्हेरीच्या लाकडाला हातही लावू नका, झाडाचा प्रत्येक भाग विषारी आणि धूरही. सागाच्या तेलाचा वास जात नाही. शिसमाची कातताना उडणारी धूळ पुष्कळांना सोसत नाही, मास्क हवा. अंजन पाण्यात बुडेल इतकं जड, नमुना देखणा होतो पण हातात धोंडा वाटतो. वेडी बाभूळ म्हणून बांधावर माजलेलं झाड हे अमेरिकेतल्या मेस्कीटच्या कुळातलं, आणि मेस्कीटचे पाईप तिकडे केले जातात. बुंध्याजवळची गाठ मिळाली तर तीच घ्या.

लाकूड ओलं कातू नका. ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना मेण लावून, गोणपाटात गुंडाळून, सावलीत निदान एक वर्ष. चैत्र-वैशाखात उघड्यावर ठेवलेला ठोकळा टोकाकडून तडकतोच, कारण टोकं पोटापेक्षा आधी सुकतात.

लेथवाल्याला क्रम नीट सांगा. पहिलं दांडीचं भोक, ८ मिमी व्यास, १८ ते २० मिमी खोल. त्याच पकडीत, ठोकळा न हलवता, ४ मिमीची धुराची वाट. पकड सोडली की दोन्ही भोकं एका रेषेत येणार नाहीत. लांब ड्रिल लाकडाच्या मऊ रेषेच्या मागे जातं आणि वाकतं. म्हणून आधी आखूड ड्रिलने वाट दाखवा, मग दर पाच मिमीला बाहेर काढून भुसा झाडा. वाटी शेवटी, गोल टोकाच्या २० मिमीच्या हत्याराने, आणि तळाशी धुराचं भोक नुकतं उघडलं की थांबा. एक मिमी पुढे गेलात की धुराचं भोक तळापासून वर राहतं. भोकं पडल्यावरच बाहेरचा आकार.

चोपडा : मक्याच्या बुरकुंडाचे पाईप अमेरिकेत होतात असं ऐकलं. आपल्याकडे मका एवढा पिकतो, मग आपण का करू नये?

वॉशिंग्टन, मिसूरी या गावात हेन्री टिब्बे नावाच्या कारागिराने १८६९ मध्ये हे पाईप सुरू केले आणि १८७८ ला पेटंट घेतलं. तो धंदा अजून चालू आहे. पण आपल्याकडचे संकरित वाण दाण्यासाठी वाढवलेले आहेत, त्यांचं बुरकुंड बारीक आणि भुसभुशीत. तिकडे पाईपासाठी मुद्दाम जाड बुरकुंडाचा वाण पेरतात, कणसं दोन वर्षं वाळवतात आणि बाहेरची छिद्रं प्लास्टर ऑफ पॅरिसने भरून वरून घासतात. दोन वर्षं न थांबता केलं तर भिंती आक्रसतात आणि प्लास्टर सुटतं. बी जुन्या देशी वाणाचं, जाड कणसाचं शोधा, नुसत्या खताने बुरकुंड जाड होत नाही.

साक्री : दुधी भोपळ्यापासून होणारा कालाबाश पाईप म्हणजे आपलाच दुधी का?

वनस्पती तीच. बाजारातला लांबट, मऊ सालीचा दुधी मात्र वाळल्यावर पापडासारखा तुटतो. पावरी या वाद्यासाठी आदिवासी कारागीर जसा कडक तुंबा धरतात तसा हवा. पावसाच्या सुरुवातीला लावा. फळ हातभर होण्याआधीच, वीतभर असताना, मान एका फळीवर टेकवून दोन खुंट्यांमध्ये अडकवा आणि दर दोन-तीन दिवसांनी खुंट्या थोड्या सरकवा. एकदम वाकवली तर आतल्या बाजूला सुरकुती पडते आणि तिथेच पुढे भेग जाते. देठ वाळून टणक झाल्यावरच तोडा, मग सावलीत दोन ते तीन महिने. हलवल्यावर बिया वाजायला हव्यात.

मान कापल्यावर भिंत निदान ५ मिमी दिसली तरच पुढे जा. आतला मगज खरवडा. वाटी भोपळ्याची नसते. मिअरशॉमचा पेला बुचाच्या कड्यावर वरून बसवतात आणि तो काढता येतो. पेल्याखालच्या पोकळीत धूर थंड होतो, ओल तिथेच राहते. म्हणजे सिस्टिम पाईपचाच विचार, हौद फक्त मोठा. शोभेसाठी कुंभाराकडून मातीचा पेला करून घ्या, तळाला चार मिमीचं भोक भाजण्याआधीच पाडून.

धुळे : मिअरशॉम म्हणजे समुद्रफेस ना? काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो तोच?

शब्दाने घोळ केला आहे. जर्मन शब्दाचा अर्थ समुद्राचा फेस, पण आपल्या दुकानातला समुद्रफेस म्हणजे समुद्रातल्या माकुलाचं आतलं हाड. मिअरशॉम हे खनिज आहे, सेपिओलाईट, मॅग्नेशियमचं सिलिकेट. तुर्कस्तानात एस्किशेहिरजवळ जमिनीखालून काढतात. ओलं असताना साबणासारखं कोरलं जातं, वाळल्यावर हलकं आणि सच्छिद्र होतं. मेणात बुडवतात. वापराने त्याचा रंग मधासारखा, मग तपकिरी होत जातो आणि संग्राहकाला तो रंगच हवा असतो.

म्हणून धुऊ नका. पाण्याने तो पुन्हा मऊ पडतो. स्पिरिटही नको. आतला काजळीचा थर वाढला असेल तर बोथट हत्याराने हलक्या हाताने काढा, ब्रायरमध्ये जसा नाण्याएवढा थर ठेवतात तसा इथे ठेवू नका. अख्ख्या दगडातून कोरलेला आणि चुऱ्यातून दाबून केलेला असे दोन प्रकार असतात. दाबलेला सगळीकडे सारखा, निर्जीव पांढरा दिसतो आणि रंग नीट धरत नाही. हातात जड आणि गार लागला तर तो प्लास्टरच आहे असं धरा.

पाचोरा : नळीचं टोक पिवळं, पारदर्शक. अंबर (झाडाचा जुना, टणक झालेला चीक) की बेकेलाईट (जुन्या काळचं प्लॅस्टिक)?

पाव लिटर पाण्यात ९० ग्रॅम मीठ विरघळवा. धातू किंवा लाकूड जोडलेलं नसेल तरच टोक त्यात सोडा. अंबर तरंगतं, बेकेलाईट बुडतं. गरम सुई टोचून बघायची पद्धत सोडून द्या, भोक कायमचं राहतं. आणि तुमच्या पत्रातल्या दुसऱ्या पाईपच्या पांढऱ्या कड्याला आडव्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसत असतील तर ते हस्तिदंत आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याची खरेदी-विक्री करता येत नाही. विकायला काढू नका, वनखात्याला विचारा.

शहादा : चिलमीला संग्रहात जागा द्यावी का? काही जण तिला पाईप मानत नाहीत.

द्यावी. १६०४ च्या सुमारास असद बेग विजापुराहून तंबाखू आणि रत्नजडित नळी घेऊन अकबराकडे गेला. त्याच्या तीन वर्षं आधी असीरगड पडून खानदेश मोगलांकडे गेला होता. ब्रायर यायला अजून अडीचशे वर्षं होती. मातीची चिलीम ही त्या वंशातली सगळ्यात साधी रचना : एक शंकू, आत एक खडा, खाली ओली छापी (फडकं). खडा तंबाखू अडवतो आणि कडेने धूर जाऊ देतो, म्हणून तो पूर्ण गोल नसावा. भोकात घट्ट बसला की धूर बंद.

चांगली चिलीम चाकावर ओढलेली असते आणि आतून तिची भिंत वरपासून खालपर्यंत सारखी निमुळती होत जाते. साच्यात दाबलेलीला आतून शिवण जाणवते, बोट घालून बघा. हुक्क्यावरची चिलीम वेगळी, ती वाटीसारखी पसरट असते कारण तिच्यावर निखारे ठेवायचे असतात. विकणारे दोन्ही एकत्र घालतात, नोंदवहीत वेगळ्या लिहा.

काळी पडलेली चिलीम घासू नका, वरचा हात निघून जातो. पूर्ण कोरडी असेल तर चुलीच्या निवत्या निखाऱ्यात तासभर पुरून ठेवा, आतली काजळी जळून माती उघडी होते. ओलसर असताना विस्तवात घातली तर आत वाफ होऊन ती फुटते, म्हणून आधी दोन दिवस उन्हात. गेरूची किंवा रंगाची नक्षी असेल तर हेही करू नका, कोरड्या ब्रशने फक्त धूळ झाडा.